पुढच्या दाराची कॉफी

एप्रिल १९७४, चैत्रातल्या एकादशीचा रविवार, दुपारचे चार. एकूण खर्च तीन रुपये दहा पैसे. त्यात मोसंबी, बर्फ, साखर आणि कॉफीची पूड आली. जायफळ घरचं होतं म्हणून धरलेलं नाही. हजर: हेडक्लार्क नानासाहेब, ओव्हरसियर कदम, यजमान पाईकराव साहेब, त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई आणि मी.

माझी बायको म्हणते, तुम्ही आपल्या लग्नाची आठवणसुद्धा मांडवाच्या भाड्यापासून सुरू करता. खरं आहे. मी आयुष्यभर हिशेबनीस होतो, आणि माणसाकडे बघायची दुसरी रीत मला कधी जमली नाही. पण पंचफुलावहिनी आठवल्या की माझा ताळा चुकतो. त्यांची बेरीज मी अनेकदा करून पाहिली. दर वेळी काहीतरी जास्तच येतं.

तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होतं. आमच्या कचेरीमागच्या गल्लीत एका रांगेत भाड्याची घरं होती, दोन-दोन खोल्यांची, पुढे ओटा आणि मागे अंगण. एका टोकाला नानासाहेब, मध्ये कदम, मग मी. माझ्या पलीकडचं शेवटचं घर बरेच दिवस रिकामं होतं. तिथं पाईकराव साहेब बदलून आले. कृषी विस्तार अधिकारी. उंच, सावळे, सायकलवरून साखरा गावापर्यंत जाऊन येणारे आणि घरी आल्यावर अजिबात न बोलणारे. बोलायचं खातं त्यांनी बायकोकडे सोपवलं होतं.

वहिनी माहेरच्या जवळा बाजारच्या. सातवी शिकलेल्या. ठेंगण्या, कपाळावर घामाचे थेंब, पदर कायम कमरेला. स्वतःच्या घरात त्या खुर्चीवर बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. बसल्या तर उंबऱ्यावर. नवऱ्याशी भांडण झालं की त्या त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलत. साहेब समोर बसलेले असत, आणि वहिनी भिंतीवरून मला हाक मारत, "भाऊजी, साहेबाला इचारा, भाकर वाढू का गार होऊ देऊ?" मी विचारायचो. साहेब मला म्हणायचे, "वाढा म्हणा." मी तसं सांगायचो. हे काम मी दोन वर्षं बिनपगारी केलं.

नवऱ्याच्या खात्याचे शब्द त्यांनी घरात आणले होते आणि ते माणसांना लावले होते. ज्याच्यावर सांगण्याचा परिणाम होत नाही तो "देशी वाण". जो लवकर ऐकतो तो "सुधारित बियाणं". मुलांना दिलेली थप्पड म्हणजे "फवारणी". आणि कुणी कारण सांगू लागलं की त्या ते कारण शांतपणे ऐकत, पावती फाडल्यासारखं मोठ्यानं एकदा म्हणून दाखवत, आणि मग विचारत, "ह्ये झालं. पुढं?"

हे "पुढं?" मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या घरी चहाला बोलावणं आलं त्या दिवशी. नवीन बिऱ्हाड, म्हणून पाईकरावांनी रांगेतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. वहिनींनी नव्या कपबशा काढल्या होत्या, निळ्या काठाच्या. आम्ही ओट्यावर बसलो. चहाचा वास आला, आणि नानासाहेब म्हणाले, "माफ करा हं, आज माझा उपवास आहे. उपवासाला मी चहा घेत नाही."

"उपास व्हय," वहिनी म्हणाल्या. "ह्ये झालं. पुढं?"

कदम म्हणाले, "मला गरम सोसत नाही. डॉक्टरनं सांगितलंय, उन्हाळ्यात गरम बंद."

"गरम सोसत न्हाई व्हय. पुढं?"

पुढचा मी होतो. मी म्हणालो, "वहिनी, मला पित्त आहे."

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नानासाहेबांचा उपवास कुठल्या वाराचा होता हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कदम रोज स्टँडवरच्या हॉटेलात उकळता चहा बशीत न ओतता पीत, आणि पाईकराव साहेबही त्याच बाकावर त्यांच्या शेजारी बसून पीत. हॉटेलात कुणालाच अडचण नव्हती. अडचण घरी होती, आणि ती काय होती ते त्या ओट्यावर प्रत्येकाला माहीत होतं. बौद्धाच्या घरचं पाणी. मला मात्र खरोखरच पित्त होतं. पंचविसाव्या वर्षापासून. चहाचा एक कप घेतला की छातीत जळायचं आणि पहाटेपर्यंत डोकं धरून बसावं लागायचं. सगळ्या रांगेत मी एकटा खरं बोललो होतो, आणि वहिनींच्या नजरेत माझी किंमत बाकीच्या दोघांपेक्षा कमी झाली होती, कारण माझं कारण सगळ्यांत जुनाट होतं.

त्या "पित्त व्हय" एवढंच म्हणाल्या. मला तर "पुढं?" सुद्धा विचारलं नाही. कपबशा आत गेल्या.

मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "माझ्यावर अन्याय झाला."

ती म्हणाली, "तुमच्यावर?"

त्या रात्री पाईकरावांच्या घरात भिंतीपलीकडे बोलणं चाललं होतं. म्हणजे वहिनींचं. "मी ह्या घरात पावसाळा काढत न्हाई. पुढच्या दारानं येऊन कुणी घोटभर घेतलं न्हाई, तर मी लेकरं घेऊन जवळ्याला जाते. तुमी इथं हातानं भाकरी थापा." साहेबांच्या खाटेची करकर तेवढी ऐकू आली. पण दुसऱ्या दिवशी ते कचेरीत एका शेतकऱ्याच्या अर्जावर सही करायचे थांबून मला म्हणाले, "हिशेबनीस, ती बोलते तसं करते बरं का." एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला वाटलं, निदान माझं नाव तरी मोकळं करावं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी भिंतीपाशी गेलो. औषधाचं नाव, तारीख, सगळं दाखवलं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कागद काहून दाखवता भाऊजी? कागद तर समद्यापाशी ऱ्हातो."

"पण मी खरं बोलतोय."

"मंग तर लई वाईट झालं तुमचं."

हे बरोबर होतं. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. तेवढ्यात त्यांच्या स्वयंपाकघरातून माझी बायको हातात बशी घेऊन बाहेर आली. बशीत चहा होता. मला बघून ती थांबलीही नाही. फुंकर मारून प्यायली. चौकशीअंती कळलं की ती दुसऱ्याच दिवसापासून मागच्या अंगणातून जाऊन रोज चहा घेत होती. मी म्हणालो, "मग वहिनी, आमच्या घरानं घेतला की चहा!"

"मागच्या दाराचं मी मोजत न्हाई," त्या म्हणाल्या. "मागच्या दारानं मांजर बी येतंय."

बायको खोकली. तिला तो टोमणा लागला आणि आवडलाही, असं मला वाटतं.

आठवडाभरानं वहिनींनी भिंतीवरून हाक मारली. "भाऊजी, कॉफी उपासाला चालती ना?"

चालते. आमच्याकडे चहा उपवासाला चालतो की नाही यावर घराघरांत मतभेद, पण कॉफीवर नाही. कॉफी आमच्या भागात दोनच वेळा व्हायची: उपवासाला आणि आजारपणात.

"फळ चालतंय?"

"अर्थातच."

"आन् बर्फ?"

इथे मी अडखळलो. बर्फाचा विचार मी त्या बाजूनं कधी केला नव्हता. म्हणालो, "बर्फ म्हणजे पाणीच."

"कुणाचं पाणी?"

"कारखान्याचं."

वहिनी हसल्या. "जवळ्याच्या बाजारात गोळेवाल्यापाशी समदे एका लायनीत उभे ऱ्हायचे भाऊजी. पाटील बी, आमी बी. किसायचा रंधा एकच, बर्फ एकच. बर्फाला कुणी इचारत न्हाई तू कुणाचा म्हणून." मग त्यांनी तीन बोटं पुढे केली आणि एकेक मिटत गेल्या. "उपास हाय, घ्या कॉफी. उपासाला फळ चालतंय, घ्या मोसंबी. गरम सोसत न्हाई, घ्या बर्फ. आता सांगा. पुढं?"

मी तिन्ही बोटं मनात पुन्हा मोजून पाहिली. एवढ्यात त्या म्हणाल्या, "साहेब म्हंतेत, नवीन बियाणं आधी प्रात्यक्षिक घेऊन बघावं. तुमच्यावर घेते."

"माझ्यावर का?"

"तुमचं पित्त खरं हाय म्हणता ना? ज्याला पित्त हाय त्याला झेपलं, तर कुणाला बी झेपंल."

अशा रीतीनं माझ्या सत्यवचनाचा स्वीकार झाला.

कॉफीची पूड आणायला मीच गेलो. दुकानदारानं डबा काढता काढता विचारलं, "घरात कोण आजारी हाय?" मी म्हणालो, कुणी नाही. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "काळजी घ्या." दुसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, "उतार पडला का?" तिसऱ्या खेपेला मी सांगून टाकलं, हो, थोडा बरा आहे. कोण, ते त्यानंही विचारलं नाही.

पहिलं प्रात्यक्षिक दुधाचं झालं. वहिनींनी दुधाची कॉफी करून गार केली आणि वरून मोसंबी पिळली. आमच्या डोळ्यांदेखत पेल्यात चोथा आणि पाणी वेगळं झालं. मी तरीही प्यायलो, कारण मी हजर होतो. दुसऱ्या वेळी दूध गेलं आणि केळं आलं. तो पेला उलटा केला तरी सांडला नाही. तिसऱ्या वेळी नुसती काळी कॉफी आणि रस. पाईकराव साहेबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "ताप उतरंल." वहिनींनी मला सांगितलं, "साहेबाला सांगा, तुमाला कुणी इचारलं न्हाई." मी सांगितलं.

या तिन्ही रात्री माझ्या छातीत जो जाळ झाला तो मी कुणाला सांगितला नाही. बायको उशाशी आवळ्याची वाटी ठेवून म्हणायची, "चहाच प्यायला असतात तर एका रात्रीत सुटला असतात."

शेवटी जमलं ते असं. कॉफीची पूड पाण्यात उकळून, जाड फडक्यातून गाळून, माठाखालच्या ओल्या वाळूत तांब्या पुरून गार करायची. साखरेचा पाक, चिमूटभर सैंधव, कारण साधं मीठ उपवासाला चालत नाही, आणि जायफळ एकदाच घासलेलं. स्टँडजवळच्या सोडावॉटरवाल्याकडून भुशात गुंडाळलेला बर्फ आणून गोणपाटात घालून वरवंट्यानं फोडायचा. काचेच्या पेल्यात तळाला मोसंबीचा रस, त्यावर बर्फ, आणि चमच्याच्या पाठीवरून सावकाश सोडलेली कॉफी. खाली पिवळं, वर काळं, आणि मधे दोन्ही एकमेकांत उतरत असतात. चव आंबट, कडवट, मग एकदम गोड. मला ती आवडली. पित्त झालंच, पण आवडली.

एकच अट होती. मोसंबी आयत्या वेळीच पिळायची आणि लगेच प्यायचं. हा रस थोडा वेळ राहिला की कडू होतो.

आता पाहुणे. नानासाहेबांना वहिनींनी सकाळी नळावर गाठलं. मी बादली घेऊन मागे उभा होतो.

"नानासाहेब, इतवारी दुपारी या आमच्याकडं."

"इतवारी? इतवारी एकादशी आहे बाई. माझा उपवास."

"म्हणून तर बलावून राहिले. समदं उपासाचं हाय."

नानासाहेबांची बादली भरून वाहू लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही. ते रांगेत सगळ्यांत वडील. ते आले तर कदम येणार, ते नाही आले तर कुणीच नाही. ते वाईट नव्हते. कुणाचं पेन्शन अडलं तर ते परभणीला स्वतःच्या खर्चानं खेपा घालत. फक्त आजवर जे टाळत आले ते उघड नाकारायचं धैर्य त्यांच्याकडे नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "बरं. येतो."

आणि आले. पुढच्या दारानं. कदमही मागून आले. पाच पेले मांडले गेले. वहिनींनी आमच्यासमोर मोसंबी पिळली, बर्फ घातला, कॉफी सोडली. बर्फ फार सुंदर वाजला. कदमांनी पेला हातात घेतला, नानासाहेबांकडे पाहिलं, आणि पेला तसाच धरून बसले.

वहिनी उंबऱ्यावर बसल्या. "घ्या."

नानासाहेबांनी पेला तोंडाजवळ नेला, आणि खाली आणला. "बाई, काय सांगू. दात. थंड लागलं की शिवशिवतात."

पाईकराव साहेबांनी डोळे मिटले. वहिनींच्या तिन्ही बोटांत या कारणाला जागा नव्हती. मला वाटलं, आता जवळा बाजारची गाडी. त्यांनी पदरानं कपाळाचा घाम टिपला. मग म्हणाल्या, "दात व्हय. मंग बसा. बर्फ इरघळू द्या. आमाला कुठं घाई हाय?"

आणि आम्ही बसलो. हिंगोलीचं ऊन, पत्र्याचं छप्पर आणि पाच माणसं एका पेल्यातल्या बर्फाकडे बघत होती. कुणी पावसाचा विषय काढला, तो चालला नाही. बर्फाचे खडे लहान होत गेले. पेल्याला बाहेरून घाम आला, आणि नानासाहेबांनाही. मी माझा पेला संपवून टाकला होता, म्हणजे मला बघण्यापलीकडे काही काम नव्हतं. शेवटचा खडा पेल्याच्या कडेला लागून फिरला आणि दिसेनासा झाला.

"इरघळला," वहिनी म्हणाल्या.

नानासाहेबांनी पेला उचलला आणि प्यायले. एक घोट. त्यांचं तोंड वाकडं झालं. "कडू आहे हो!"

"थांबलात म्हणून कडू झालं," वहिनी म्हणाल्या. "येळेवर घेतलं असतं तर गोड लागलं असतं."

नानासाहेबांनी उरलेला पेला डोळे मिटून, एका दमात संपवला. कदमांनी मात्र आपला पेला खिडकीत ठेवला, "येतोच" म्हणून गेले, आणि परत आले नाहीत.

माझ्या हिशेबी प्रकरण इथे मिटलं होतं. पण सोमवारी कचेरीत नानासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काल पाईकरावांकडे काढा घेतला. उन्हाळी लागली होती. गुण आला."

काढा. औषधाला कुठलीच बंधनं नसतात. औषध कुणाच्याही हातचं चालतं. नानासाहेबांनी एका शब्दात पेला रिकामा केला होता. पाईकराव साहेब समोरच्या टेबलावर लिहीत होते. त्यांची लेखणी थांबली आणि पुन्हा चालू झाली. मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं, आणि जेवायचं ताट येण्याआधी ती बातमी मागच्या दारानं पलीकडे पोचली होती.

मंगळवारी दुपारी वहिनी साहेबांचा डबा घेऊन कचेरीत आल्या. एरवी डबा शिपाई आणायचा. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि सरळ नानासाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नानासाहेब, गुण आला म्हणे."

"आं? हो. आला."

"मंग काढ्याचा रुपया द्या."

सगळ्या टेबलांवरची कामं थांबली. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. वहिनी हसत नव्हत्या. "वैद्य काढा देतो तर पैशे घेतो ना? मी पाहुण्याला दिलं व्हतं. पण तुमी औषीध म्हणून घेतलं, तर औषधाचे पैशे बराबर व्हायला पायजेत."

नानासाहेबांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. रुपयाची नोट अर्धी बाहेर आली. मी हिशेबनीस, दिलेला पैसा कुठल्या खात्यात पडतो हे मला कळतं. ती नोट त्या टेबलावर पडली असती, तर पाईकरावांच्या घरी कधीच कुणी पाहुणा गेला नव्हता असं कायमचं लिहिलं गेलं असतं. वहिनींनाही ते ठाऊक होतं. त्यांनी हात पुढे केला होता आणि त्यांची नजर नोटेवरून हलत नव्हती. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहत होतो.

नोट अर्धीच राहिली. नानासाहेबांनी विचारलं, "तुमची धाकटी केवढी आहे?"

"तीन वर्साची."

"निघताना पाहुण्यानं लेकराच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं. त्या दिवशी माझ्याकडून राहून गेलं." त्यांचा आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "हा तिचा आहे."

वहिनींनी हात मागे घेतला. पदर सावरला. "मंग माझ्याकडं काहून देता? घरी येऊन द्या तिला." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आज कडू न्हाई व्हणार. आज चहा हाय."

पाईकराव पुढं दोन वर्षं तिथंच राहिले. मग त्यांची बदली झाली. कदम कधीच त्या घरी गेले नाहीत. नानासाहेब मी पाहिलं तेवढं तरी वर्षातून दोन-तीनदा गेले. जास्त नाही. पण मला वहिनी दिसतात त्या त्याच मंगळवारच्या संध्याकाळी. मी माझ्या ओट्यावर होतो. त्यांनी पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या होत्या, धाकटीचं तोंड धुऊन तिला पुढे उभं केलं होतं, आणि स्वतः उंबऱ्यावर न बसता उभ्या होत्या. गल्लीच्या टोकाकडून नानासाहेब टोपी घालून येत होते.

दिले: रुपया एक. देणार नानासाहेब. घेणार सुमन पाईकराव, वय वर्षे तीन. तिनं ती नोट तोंडात घातली.